रोज अपडाऊन करून कॉलेज: अभ्यास आणि मैत्री जमवायची कशी

घर ते कॉलेज अशी रोज ये-जा करणाऱ्या मुलांची तक्रार बहुतेक वेळा प्रवासाबद्दल असते. नुकसान मात्र दुसरीकडे होतं. शेवटचा तास संपला की बॅग उचलून निघायचं, उरलेलं ‘घरी जाऊन करू’ म्हणायचं आणि घरी गेल्यावर ते व्हायचं नाही. ओळखीही तिथेच अडकतात, कारण बाकीच्यांच्या गप्पांना रंग चढतो तो तुम्ही निघून गेल्यावर. म्हणून पुढे जे सांगितलंय त्यातलं बरंचसं एकाच गोष्टीभोवती फिरतं: कॉलेजच्या आवारात थोडे जास्तीचे तास ठरवून घालवायचे आणि घरावर अभ्यासाचा भार कमी ठेवायचा.

आधी प्रवास मोजा

दोन आठवडे रोज चार वेळा टिपून ठेवा: घराचं दार ओढलं, गाडीत चढलात, गाडीतून उतरलात, वर्गातल्या बाकावर बसलात. ‘पन्नास मिनिटं लागतात’ असं सांगणारा माणूस बहुधा फक्त गाडीतली वेळ सांगत असतो. थांब्यापर्यंत चालत १२ मिनिटं, गाडीची वाट पाहत १०, उतरल्यावर चालत १०, जिने चढायला ३. झाली ८५ मिनिटं. दोन्ही बाजूंनी, आठवड्यातले पाच दिवस धरले तर १४ तास १० मिनिटं, आणि १६ आठवड्यांच्या सत्रात सुमारे २२७ तास. एवढे तास हातातून जाणार हे सत्राच्या सुरुवातीलाच कळलं, तर वेळापत्रक आखताना स्वतःशी खोटं बोलावं लागत नाही.

दहा दिवसांचे जातानाचे आकडे लहान ते मोठे असे ओळीने लिहा. मधला (पाचवा किंवा सहावा) आकडा रोजच्या अंदाजासाठी वापरा. नववा आकडा वापरा तो उशीर खपत नाही अशा दिवसांसाठी: प्रॅक्टिकल, चाचणी, तोंडी परीक्षा, सबमिशन. सरासरीवर विसंबू नका. नऊ दिवस ८५ मिनिटं आणि एक दिवस १५० मिनिटं लागली तर सरासरी साडेएक्क्याण्णव येते, आणि तेवढा वेळ प्रत्यक्षात एकाही दिवशी लागलेला नसतो.

हजेरीचा हिशेबही इथेच उरकून घ्या. समजा एका विषयाचे सत्रात ४५ तास आहेत आणि अट ७५ टक्क्यांची आहे. ३४ तासांना बसावंच लागेल, म्हणजे ११ चुकले तर चालतील. त्यातले निम्मे पहिल्याच दिवशी प्रवासाच्या नावावर टाका. गाड्या बंद पडणार, रस्ते तुंबणार, आजारपण येणार. उरलेले पाच-सहा तुमचे. सत्राच्या पहिल्या महिन्यात मजेत सात-आठ तास बुडवणारी मुलं शेवटच्या महिन्यात अर्ज लिहीत फिरताना दिसतात, आणि त्या वेळी ‘गाडी चुकली’ हे खरं कारणही कुणाला पटत नाही.

वेळापत्रक निवडता येत असेल तर

सगळे तास तीन दिवसांत कोंबायचा मोह होतो, कारण दोन दिवसांचा प्रवास वाचतो. कागदावर हे छान दिसतं. पण सलग सहा-सात तास बसल्यावर शेवटचे दोन डोक्यात शिरत नाहीत, आणि एक दिवस बुडाला की आठवड्याचा एक तृतीयांश भाग जातो. चार दिवसांची मांडणी बहुतेकांना झेपते. पाचवा दिवस मोकळा ठेवून त्या दिवशी घरी किंवा घराजवळच्या ग्रंथालयात सलग बसावं.

मधल्या रिकाम्या वेळेचं गणित थोडं उलटं असतं. अर्ध्या-अर्ध्या तासाचे चार तुकडे विरघळून जातात. दोन-अडीच तासांची एकच फट असेल तर त्यात एक असाइनमेंट पूर्ण होते. बॅच बदलून मिळत असेल तर अशी एक मोठी फट मुद्दाम मागून घ्या. पहिला तास सकाळचा असेल तर दिवसाच्या शेवटी प्रॅक्टिकल नको. दमलेल्या हातांनी उपकरणं हाताळताना वाचन चुकतं, आणि ते चुकलेलं लक्षात येईपर्यंत तुम्ही परतीच्या गाडीत असता.

प्रवासात काय जमतं, काय जमत नाही

‘प्रवासात अभ्यास करा’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. उभ्याने, गर्दीत, एका हाताने दांडी धरून नवीन धडा समजून घेता येत नाही. आधी समजलेलं आठवून पाहता येतं, आणि तेच जास्त उपयोगाचं असतं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की विसरण्याचा मोठा भाग पहिल्या दिवसातच उरकतो. परतीचा प्रवास नेमका त्या पहिल्या दिवसात येतो. दुसरा प्रयोग रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा, २००६ सालचा. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने तो एकदाच वाचला आणि तीनदा न बघता आठवून लिहिला. आठवड्यानंतर पहिल्या गटाला सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, दुसऱ्याला ६१ टक्के. गंमत अशी की पाचच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हापुन्हा वाचणारा गट पुढे होता. त्यामुळे ‘वाचलं की आलं’ असं वाटतं आणि माणूस फसतो.

करायचं असं. प्रत्येक तासाच्या शेवटच्या तीन-चार मिनिटांत, किंवा वर्गातून बाहेर पडता पडता, वहीच्या मागच्या पानावर तीन प्रश्न लिहा. दिवसाचे चार तास असतील तर बारा प्रश्न झाले. त्या पानाचा फोटो काढा. परतीच्या गाडीत फक्त तो फोटो उघडा, वही नको.

प्रश्न कसा असावा हे महत्त्वाचं. अर्थशास्त्राच्या तासाला मागणीची लवचीकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते ते, शिकवली असेल, तर ‘लवचीकता म्हणजे काय?’ हा प्रश्न वाया जातो. व्याख्या घोकून मोकळं होता येतं. त्याऐवजी लिहा: ‘किंमत १० टक्के वाढली, मागणी ४ टक्के घटली. लवचीकता किती? विक्रेत्याचं एकूण उत्पन्न वाढेल की घटेल?’ उत्तर ०.४, आणि उत्पन्न वाढेल. पण का वाढेल, हे स्वतःला समजावण्यात दोन थांबे निघून जातात. जिथे अडलात तिथे फुली मारा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रवासात फक्त फुल्या बघायच्या.

काहींना चालत्या गाडीत वाचलं की मळमळतं. कानातला तोलाचा अवयव सांगतो की आपण हलतोय, डोळ्यांसमोरचं पान म्हणतं की सगळं स्थिर आहे, आणि मेंदूचा गोंधळ उडतो. अशांनी पुढच्या बाजूला बसावं, नजर लांबवर ठेवावी आणि वाचण्याऐवजी ऐकावं. तासानंतर स्वतःच्या आवाजात दोन मिनिटांचा सारांश फोनवर बोलून ठेवला की ऐकायला काहीतरी असतं. आवाज बेताचा ठेवा. गाडीचा गोंगाट दाबायला माणूस आवाज वाढवत जातो, आणि ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरली तर दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. ९४ डेसिबलला उरतो फक्त एक तास. कानात घट्ट बसणारे इयरफोन घेतले की बाहेरचा गोंगाट कमी होतो आणि आवाज वाढवावा लागत नाही.

दुचाकी किंवा सायकल चालवत असाल तर हे सगळं बाजूला ठेवा. इयरफोन नकोत, फोन बॅगेत. तो वेळ अभ्यासाचा नाही.

झोप लागत असेल तर झोपा, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. उतरायच्या पाच मिनिटं आधीचा कंप पावणारा गजर लावा, फोन आतल्या खिशात ठेवा आणि बॅगेचा पट्टा हातात गुंडाळून घ्या.

बॅग

वजन स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवलं तर पाठीवर ताण कमी येतो. चार जाड वह्यांऐवजी सुटी पानं आणि एक पातळ फाइल न्या. घरी आल्यावर पानं विषयवार लावा. लॉकर मिळत असेल तर पहिल्याच आठवड्यात अर्ज करा, कारण ते लवकर संपतात. लॅबकोट, जाड पुस्तकं, एक जोडी मोजे आणि छत्री तिथेच राहू दे.

पॉवर बँकेवरच्या आकड्याला भुलू नका. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या बँकेतून विद्युतदाब बदलताना आणि उष्णतेत काही ऊर्जा जाते, आणि फोनपर्यंत साधारण ६,००० ते ६,५०० पोचतात. ५,००० च्या बॅटरीचा फोन एकदा पूर्ण भरेल, वर थोडं उरेल. दिवसभराला पुरे. चार्जर मात्र न्याच.

सबमिशनची फाइल फोनमध्ये, ईमेलमध्ये आणि पेन ड्राइव्हवर अशी तीन ठिकाणी ठेवा. वसतिगृहातला मुलगा खोलीवर पळत जाऊन विसरलेली वही आणतो. तुम्हाला तेवढ्यासाठी १७० मिनिटं लागतील. म्हणून रात्री बॅग भरून दाराशी ठेवायची, सकाळी नाही.

मधली रिकामी वेळ

ऑफ तासाला कुठे बसायचं हे आधी ठरलेलं असावं. ‘बघू कुठे जागा मिळते’ म्हणत फिरण्यात वीस मिनिटं जातात आणि शेवटी माणूस फोन काढतो. ग्रंथालयातला एक कोपरा, तो भरलेला असेल तर एक ठरलेला रिकामा वर्ग, तेही नसेल तर कट्टा. या क्रमाने जागा पाहायची.

पन्नास मिनिटांत काय होतं? पहिली दहा मिनिटं आधीच्या तासाच्या टिपणातली भोकं भरायला: अर्धवट वाक्यं, सुटलेली आकृती. मग तीस मिनिटं एकच काम. दोन गणितं, किंवा असाइनमेंटचा एक परिच्छेद, किंवा जर्नलमधलं एक निरीक्षण. शेवटची दहा मिनिटं पाणी, डबा, पुढच्या वर्गाकडे जाणं. दोन कामं घेतली की दोन्ही अर्धी राहतात.

शेवटच्या तासानंतर आठवड्यातून तीन दिवस एक तास थांबा. हा तास या लेखातला सगळ्यात किमती आहे. गर्दीची गाडी टळते, परतीला कदाचित बसायला मिळतं, शिक्षक मोकळे सापडतात आणि घरी पोचताना डोक्यावर काम कमी असतं. पहिला आठवडा भुकेमुळे नकोसा होतो. त्यासाठी डब्यात थोडं संध्याकाळचं खाणं वेगळं ठेवा.

शिक्षकांशी गाठ

अपडाऊन करणाऱ्यांची शिक्षकांना सहसा नावं माहीत नसतात, आणि पुढे शिफारसपत्र लागतं तेव्हा हे टोचतं. महिन्यातून एकदा प्रत्येक मुख्य विषयाच्या शिक्षकांना केबिनमध्ये भेटा. ‘सर, हा धडा समजला नाही’ एवढ्यावर कुणी काही करू शकत नाही. कागदावर गणित जिथपर्यंत सुटलं तिथपर्यंत लिहून न्या आणि म्हणा, ‘मॅडम, तिसऱ्या पायरीपर्यंत आलं, पुढे चिन्ह का बदललं ते कळत नाहीये.’ काम पाच मिनिटांत होतं आणि चेहरा लक्षात राहतो. जाण्याआधी त्या असतील का हे विचारून घ्या. फेरी वाया गेली की पुन्हा जायची इच्छा होत नाही.

प्रवासातल्या अडचणीबद्दल आधीच बोलून ठेवणं उशिरा माफी मागण्यापेक्षा बरं. ‘माझी गाडी ठरलेल्या वेळेची आहे, ती रखडली तर दहा मिनिटं उशीर होऊ शकतो, मी मागच्या दाराने शांतपणे येईन’ असं पहिल्या आठवड्यात सांगणाऱ्याला बहुतेक शिक्षक समजून घेतात.

सूचना चुकू नयेत म्हणून प्रत्येक विषयात कॅम्पसजवळ राहणारी एक व्यक्ती हवी. तास रद्द झाला, वर्ग बदलला, सबमिशन पुढे गेलं, हे ग्रुपवर येईपर्यंत तुम्ही निम्म्या वाटेत असता. बदल्यात तुम्हीही काहीतरी द्या: नीट काढलेली टिपणं, सोडवलेल्या प्रश्नपत्रिका. फुकटात रोज विचारणाऱ्याला लोक दोन महिन्यांनी टाळायला लागतात.

ग्रुप प्रोजेक्ट

इथे अपडाऊनवाल्यांचा हमखास तोटा होतो. वसतिगृहातली मुलं रात्री दहाला जेवून एकत्र बसतात, विषय ठरवतात, कामं वाटतात. सकाळी तुम्हाला कळतं की तुमच्याकडे ‘टायपिंग आणि स्लाइड्स’ आलेत. मग तोंडी परीक्षेत मूळ कामावर प्रश्न आला की तोंड उघडत नाही.

पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी लिहून घ्या. आठवड्यातल्या दोन भेटी, प्रत्येकी ४५ मिनिटं, कॉलेजच्या वेळेत. रात्रीच्या चर्चेत ठरलेलं दुसऱ्या दिवशी भेटून पक्कं करायचं. आणि कोणाकडे कोणता सुटा भाग. सुटा म्हणजे ज्याला दुसऱ्याच्या कामाची वाट बघावी लागत नाही असा: माहिती गोळा करणं आणि तिचं विश्लेषण, एखादं पूर्ण प्रकरण, प्रोग्रामचा एक भाग. तो तुम्ही आधी मागा. लाजून गप्प बसलात तर उरलेलं पदरात पडतं. मजकूर सगळ्यांना एकाच वेळी दिसेल अशा सामायिक फाइलमध्ये ठेवा. ‘अंतिम’, ‘अंतिम नवा’, ‘अंतिम खरा’ अशा नावांच्या फाइली फिरू लागल्या की कुणाचं तरी काम पुसलं जाणार हे नक्की.

मैत्रीला तास लागतात

‘माझा स्वभावच मिसळणारा नाही’ असं अपडाऊन करणारी बरीच मुलं समजून बसतात. अनेकदा प्रश्न साध्या तासांचा असतो. जेफ्री हॉल या संशोधकाच्या २०१८ सालच्या अभ्यासात ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला साधारण ५० तास, चांगला मित्र व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त तास लागतात असं दिसलं. त्यात गप्पा, खाणं, एकत्र वेळ काढणं आलं. नुसतं शेजारी बसून किंवा एकत्र काम करून तेवढी जवळीक वाढत नाही. वसतिगृहात हे तास आपोआप भरतात. आठवड्याला चार तास ठरवून काढले तर तुमचेही साडेबारा आठवड्यांत ५० होतात, सत्र संपायच्या आत.

ते चार तास कुठून आणायचे? दुपारचा डबा रोज त्याच टोळक्यात, त्याच जागी खा: आठवड्याला अडीच तास झाले. जागा बदलू नका. फेस्टिंजर हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५० साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या विद्यार्थी-वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मैत्री सगळ्यात जास्त कुणाशी जमली तर शेजारच्या दाराशी, आणि जिन्यापाशी राहणाऱ्यांच्या ओळखी वरच्या मजल्यावरच्यांशीही जास्त होत्या. येता-जाता गाठ पडावी लागते, बस्स. ग्रंथालयाच्या दाराजवळचं टेबल हे तुमचं जिन्याजवळचं घर समजा.

उरलेला दीड तास एका मंडळातून येतो. एकाच. नाटक, वादविवाद, खेळ, मासिक, जे आवडेल ते. पण त्याची बैठक दुपारी किंवा शेवटच्या तासाला लागून असावी. रात्री आठला सराव असलेल्या मंडळात हौसेने नाव घालून तिसऱ्या आठवड्यात गळणारे कमी नसतात. मंडळात पद घ्यायचं तर खजिनदार, संपादन, जाहिरात अशी कामं घ्या. ती घरूनही करता येतात.

महिन्यातून एक संध्याकाळ मुक्कामाची ठेवा: कार्यक्रम, वाढदिवस, रात्रीचा सराव. आठवडाभर आधी घरी सांगा, शेवटच्या गाडीची वेळ आणि तिच्या आधीच्या गाडीचीही वेळ लिहून ठेवा, आणि ज्याच्याकडे राहणार त्याला नुसतं ‘बघू’ म्हणू नका. एक टूथब्रश आणि टी-शर्ट लॉकरमध्ये असले की असे बेत जमतात.

रोज त्याच गाडीला, त्याच डब्यात किंवा त्याच थांब्यावर भेटणारी मुलंही असतात. दुसऱ्या शाखेची असली म्हणून काय झालं? दिवसाला दीड तास त्यांच्यासोबत आयताच मिळतो. आठवड्यातले दोन दिवस प्रश्नांचा फोटो बाजूला ठेवून त्यांच्याशी बोललात तर काही बिघडत नाही.

घरच्यांशी

घरी दिसणारा माणूस मोकळाच असतो, असं घरच्यांना वाटणं स्वाभाविक आहे. ‘मला अभ्यास आहे’ हे वाक्य रोजचं झालं की त्याला वजन उरत नाही. त्यापेक्षा सत्राच्या सुरुवातीला चाचण्या आणि सबमिशनच्या तारखा मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा आणि घरातली एक-दोन कामं स्वतःहून ठरवून घ्या, वेळेसकट. ‘आई, शनिवारची बाजारहाट माझी, पण मंगळवारी आणि गुरुवारी सात ते साडेआठ मला हाक मारू नकोस’ हा सौदा टिकतो.

झोपेला कात्री लावू नका. १८ ते २५ वयाला रात्री सात ते नऊ तास सांगितले जातात. २००३ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात १४ दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची चाचण्यांतली कामगिरी एक-दोन रात्री पूर्ण जागलेल्यांइतकी घसरली, आणि आपण किती मंदावलोय याचा त्यांना पुरता अंदाज नव्हता. निघायची वेळ ६:१५ आणि तयारीला ४५ मिनिटं लागत असतील तर ५:३० ला उठायचं, म्हणजे १०:३० ला दिवा बंद. हिशेब असा उलटा करत या. साडेदहाच्या आत अभ्यास मावत नसेल तर तो कॉलेजमधल्या जास्तीच्या तासात हलवायचा.

परीक्षेचे दिवस

केंद्र वेगळं असेल तर आधी त्याच वारी, त्याच वेळेला एकदा जाऊन या. रविवारच्या फेरीवरून सोमवारचा अंदाज येत नाही. पोचायची वेळ पेपरच्या एक तास आधीची धरा आणि निघायची वेळ तुमच्या नवव्या आकड्यावरून काढा. दुसरा रस्ता कोणता आणि किती वाजेपर्यंत गाडी आली नाही तर तो घ्यायचा, हे आदल्या रात्री कागदावर लिहा. थांब्यावर उभं राहून ठरवायला गेलात तर ‘अजून पाच मिनिटं बघू’ असं तीनदा होतं.

दोन पेपरांच्या मध्ये एकच रात्र असेल आणि प्रवास दिवसाला तीन तासांच्या पुढे जात असेल, तर त्या रात्रीपुरती कॉलेजजवळ सोय पाहा. कुणाकडे राहायचं ते महिनाभर आधी विचारून ठेवा, कारण परीक्षेच्या आठवड्यात सगळ्यांच्याच खोल्या भरलेल्या असतात. जाताना पांघरूण आपलं न्या, आणि रात्री गप्पांना किती वाजता थांबायचं हे दारातून आत शिरतानाच सांगून टाका.